रेप्युनिट अविभाज्य संख्या

केवळ १ हा अंक ओळीने लिहून होणाऱ्या ११, १११, ११११ यांसारख्या संख्यांना रेप्युनिट संख्या म्हणतात. त्यांपैकी ज्या संख्येला १ व ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही धन पूर्णांकाने निःशेष भाग जात नाही, ती रेप्युनिट अविभाज्य संख्या होय (अविभाज्य संख्येलाच शालेय पुस्तकांत ‘मूळ संख्या’ म्हणतात). अशा संख्या अत्यंत विरळ आहेत. पहिली ११, तिच्यानंतरची थेट एकोणीस एकांची, म्हणजे ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही, तिसरी तेवीस एकांची. त्यापुढची ३१७ एकांची आणि तिच्याही पुढची १,०३१ एकांची. ‘रेप्युनिट’ हे नाव ‘पुनरावृत्त एकक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप असून अमेरिकन लेखक अ‍ॅल्बर्ट बेलर यांनी ते १९६० नंतरच्या दशकात रूढ केले. संख्या मात्र फार जुन्या आहेत. महाराष्ट्रात द. रा. कापरेकर यांनी या संख्यांच्या वर्गांचा अभ्यास हे नाव पडण्यापूर्वी, १९३८ मध्येच, ‘डेम्लो संख्या’ या नावाखाली प्रसिद्ध केला होता.

या संख्या लिहिणे अंकओळख झालेल्या मुलालाही साधते. परंतु त्यांतील एखादी अविभाज्य आहे किंवा नाही हे ठरविणे ही गणितातील कठीण कामांपैकी एक गोष्ट आहे. एकोणीस एकांच्या संख्येचा निकाल १९१६ पर्यंत लागला नव्हता. शिवाय, अंकांच्या मांडणीवरून ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचा अभ्यास हे गणित की केवळ करमणूक, या वादाशीही त्यांचा इतिहास निगडित आहे.

एकाच अंकाच्या पुनरावृत्तीचे आकर्षण दशमान स्थानमूल्य पद्धती जेथे वाढली तेथे लवकर दिसावे हे स्वाभाविक आहे. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष (पहिला) याच्या कारकीर्दीत गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील आजचे मालखेड. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरील दुधनीहून पूर्वेकडे निघून कलबुर्गी ओलांडल्यावर ते लागते. या ग्रंथातील गुणाकाराच्या प्रकरणात महावीराचार्यांनी काही उदाहरणे अशी योजली आहेत की, त्यांचे उत्तर डावीकडून व उजवीकडून वाचले असता सारखेच यावे. अशा उत्तरांना त्यांनी गळ्यातील अलंकाराची उपमा दिली आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणले असता नऊ एकांची संख्या येते. १५२२०७ ला ७३ ने गुणले असता आठ एकांची. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१. यांतील शेवटची संख्या सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे. म्हणजे कापरेकरांनी अकरा शतकांनंतर ज्यांना ‘अद्भुत’ म्हटले त्यांपैकीच ती एक होय. महावीराचार्यांनी हा विषय गुणाकाराच्या बाजूने मांडला आहे. ती उदाहरणे उलट दिशेने वाचली की ती अवयव पाडण्याची उदाहरणे ठरतात. पण एखादी एकांची संख्या अवयवांत मोडतच नाही असे घडू शकते काय, हा प्रश्न तेथे नाही. गणितसारसंग्रहाचा संस्कृत पाठ एम्. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह मद्रास येथून १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी भाषांतर १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढले.

संख्येत किती एक आहेत यावरून तिच्याविषयी बरेच काही कळते. सहा एकांची संख्या तीन-तीन एकांच्या दोन गटांत पाडता येते, म्हणून तिला १११ ने भाग जातो व भागाकार १००१ येतो. दोन-दोन एकांचे तीन गट पाडले तर ११ ने भाग जाऊन १०१०१ हा भागाकार मिळतो. हेच सर्वत्र लागू पडते. एकांची गणती संयुक्त असेल, तर संख्याही संयुक्तच असते. म्हणून अविभाज्य संख्येचा शोध २, ३, ५, ७, ११ अशा अविभाज्य गणतीच्या ठिकाणीच घ्यावा लागतो. परंतु गणती अविभाज्य असणे पुरेसे नाही. १११ म्हणजे ३ × ३७. ११,१११ म्हणजे ४१ × २७१. सात एकांची संख्या म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एकांची म्हणजे २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांच्या संख्येचे ५३, ७९ व २६५३७१६५३ असे तीन अवयव पडतात. सतरा एकांच्या संख्येचे अवयव २०७१७२३ व ५३६३२२२३५७ हे आहेत. हे अवयव पाहून त्यांचा पुढचा क्रम कोणालाही सांगता येणार नाही. त्यांच्यात एकच बंधन आढळते : गणती ५ असेल तर प्रत्येक अविभाज्य अवयव १० च्या पटीहून १ ने अधिक असतो, ७ असेल तर १४ च्या पटीहून १ ने अधिक, आणि याप्रमाणे पुढे (१११ मधील ३ हा एवढाच अपवाद). हे बंधन फेर्मा यांच्या प्रमेयातून निघते.

यूरोपात या संख्यांकडे लक्ष गेले ते निराळ्या वाटेने, आवर्ती दशांश अपूर्णांकांच्या निमित्ताने. १ ला ७ ने भागले असता ०·१४२८५७ हे सहा अंक पुनःपुन्हा येत राहतात. भागाकाराच्या सहाव्या पायरीला बाकी पुन्हा १ उरते, याचा अर्थ ९९९९९९ ला ७ ने निःशेष भाग जातो. ९ ला ७ ने भाग जात नाही, म्हणून तो सहा एकांच्या संख्येला जातो. याच न्यायाने ४१ व २७१ यांच्या गुणाकार व्यस्तांची आवर्तने पाच अंकी आहेत (०२४३९ व ००३६९), कारण पाच एकांच्या संख्येचे ते अवयव आहेत. २, ३ व ५ वगळता कोणत्याही अविभाज्य संख्येच्या गुणाकार व्यस्ताचे आवर्तन जितके लांब, तितक्या एकांची संख्या ही त्या अविभाज्य संख्येने भाग जाणारी सर्वांत लहान रेप्युनिट संख्या असते. एका बाजूस भागाकाराच्या पाटीवरील खेळ, तर दुसऱ्या बाजूस अवयवांचा प्रश्न. दोन्ही एकच आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान बेर्नुली (तिसरे) यांनी आवर्ती दशांशांवर लेखन करताना या संख्यांचे अवयव पाडण्याचा प्रयत्न केला. कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यांनी १८०१ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात या अपूर्णांकांची उपपत्ती दिली आणि कोष्टकेही जोडली. ज्या ग्रंथाने संख्या सिद्धांताला शास्त्राचे रूप दिले, त्यातच ही कोष्टके असावीत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पायची (π) ७०७ दशांश स्थाने काढण्याबद्दल (त्यांतील पहिली ५२७ बरोबर होती) प्रसिद्ध असलेले इंग्रज शिक्षक विल्यम शँक्स (१८१२–८२) यांनी ६०,००० पर्यंतच्या सर्व अविभाज्य संख्यांच्या आवर्तनांची लांबी हाताने काढून कोष्टकरूपात दिली. पायची चुकलेली स्थाने निरुपयोगी ठरली. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली ही कोष्टके मात्र रेप्युनिट संख्यांचे अवयव शोधणाऱ्यांना दीर्घकाळ उपयोगी पडली.

एकोणीस एकांची संख्या या कोष्टकांना दाद देईना. फ्रेंच गणिती एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी दाखविले की, तीस लक्षांच्या आतील एकाही अविभाज्य संख्येचे आवर्तन एकोणीस अंकी नाही. म्हणजे त्या संख्येला अवयव असलेच, तर ते तीस लक्षांपलीकडचे असणार. येथे कामाचा आवाका पाहावा. या संख्येचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी ४० लक्ष येते. संभाव्य अवयव ३८ च्या पटीहून १ ने अधिक असला पाहिजे, हे बंधन लावूनही सुमारे २ कोटी ७७ लक्ष भाजक उरतात. आणखी एका नियमाने त्यांतील जवळजवळ निम्मे गळतात. उरलेले भागाकार एका माणसाच्या आयुष्यात आटोपणे शक्य नव्हते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी ही संख्या अविभाज्य असल्याची सिद्धता दिली. पुढे १९२९ मध्ये डी. एच. लेमर (१९०५–९१) या अमेरिकन व मॉरिस क्राइचिक (१८८२–१९५७) या बेल्जियन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तेवीस एकांची संख्या अविभाज्य ठरविली.

यात एक विसंगती दिसते. ल्यूका यांनीच १८७६ मध्ये २ च्या १२७ व्या घातातून १ वजा करून येणारी ३९ अंकी संख्या अविभाज्य असल्याचे सिद्ध केले होते. ३९ अंकी संख्येचा निकाल अगोदर, आणि १९ अंकी संख्येचा चाळीस वर्षांनी! त्याचे कारण संख्येच्या आकारात नसून तिच्या शेजारच्या संख्येत आहे. संख्या अविभाज्य असल्याचे भागाकार न करता सिद्ध करण्याच्या बहुतेक जुन्या रीती तिच्या लगतच्या, म्हणजे १ ने कमी किंवा १ ने अधिक असलेल्या, संख्येच्या अवयवांवर उभ्या आहेत. ल्यूका यांच्या संख्येत १ मिळविला की २ चा घात मिळतो. त्याचे अवयव आधीच माहीत असतात. रेप्युनिट संख्येच्या बाबतीत तसे नाही.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. फेर्मा यांच्या प्रमेयानुसार, अविभाज्य संख्येने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेऊन तिचा ‘अविभाज्य संख्या वजा १’ इतका घात केला आणि त्याला त्या अविभाज्य संख्येने भागले, तर बाकी १ उरते. बाकी १ उरली नाही, तर संख्या संयुक्त आहे हे निश्चित. परंतु बाकी १ उरली म्हणून संख्या अविभाज्यच असते असे नाही. प्रमेयाचा व्यत्यास खरा नाही. याचे उत्तम उदाहरण रेप्युनिट संख्याच पुरवितात. ११,१११ ही संख्या घेऊन १० या पायाने ही कसोटी लावली, तर बाकी १ येते. कारण १० च्या पाचव्या घाताला ११,१११ ने भागता बाकी १ उरते आणि ११,११० ला ५ ने भाग जातो. तरीही ११,१११ संयुक्त आहे. तीनाहून मोठ्या व पाच नसलेल्याच काय, पाच धरूनही प्रत्येक अविभाज्य गणतीची रेप्युनिट संख्या या पायाच्या कसोटीला उतरते. म्हणून १० हा पाया येथे सर्वस्वी निरुपयोगी आहे. दुसरे पाये घेतल्यास कसोटी बरीच विश्वसनीय होते, पण ती कसोटीच राहते, सिद्धता होत नाही. कसोटीला उतरलेल्या संख्येला ‘संभाव्य अविभाज्य’ म्हणण्याची पद्धत आहे.

हा व्यत्यास खरा करण्यासाठी कोणती अट घालावी लागते, हे ल्यूका यांनी शोधले व लेमर यांनी ते अधिक व्यवहार्य केले. संख्येतून १ वजा करावा, उरलेल्या संख्येचे अवयव पाडावेत आणि त्या प्रत्येक अवयवासाठी आणखी एक छोटी कसोटी घ्यावी; ती पुरी झाली की संख्या निःसंशय अविभाज्य. आता एकोणीस एकांच्या संख्येतून १ वजा केला तर अठरा एक व शेवटी शून्य, म्हणजे अठरा एकांच्या संख्येची दसपट, मिळते. अठरा एकांच्या संख्येत नऊ एकांची संख्या व १,००,००,००,००१ हे अवयव आहेत, आणि ते पुढे मोडून ३ (दोन वेळा), ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ व ३३३६६७ येथवर पोचता येते. एवढे हाती आल्यावर एकोणीस एकांच्या संख्येची सिद्धता आज काही मिनिटांचे काम आहे. रेप्युनिट संख्यांची ही रचना शिडीसारखी आहे : वरच्या पायरीवर चढायचे तर लगतची खालची पायरी अवयवांत मोडलेली असावी लागते, आणि ती मोडण्यासाठी तिच्याही खालच्या पायऱ्या कामी येतात. आवर्तनाच्या भाषेत सांगायचे तर एकोणीस अंकी आवर्तन असलेली ही एकमेव अविभाज्य संख्या आहे. तिचा गुणाकार व्यस्त लिहिला तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्ये, नंतर ९, आणि पुन्हा तेच.

लेमर यांच्या जन्माच्याच वर्षी, १७ जानेवारी १९०५ रोजी, डहाणू येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. संशोधनासाठी लागणारे ग्रंथालय, सहकारी वा वेळ यांपैकी फारसे काही त्यांच्या वाट्याला आले नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढीच त्यांची साधने होती.

‘डेम्लो’ हे नाव एका रेल्वे स्थानकाचे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा जो लोहमार्ग मुंबईहून पुणे, सोलापूर व दुधनी यांवरून रायचूरला जातो, त्यावर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर हे स्थानक होते, आणि ते म्हणजेच आजचे डोंबिवली असे मानले जाते. या संख्यांचा विचार तेथे प्रथम सुचला म्हणून कापरेकरांनी त्यांना स्थानकाचे नाव दिले. ज्या संख्येच्या मध्यभागी एकच अंक येतो आणि दोन टोकांची बेरीज केली असता तोच अंक मिळतो, ती डेम्लो संख्या; उदा., १६५, २५५३, ४७७७३. एकांच्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१ इत्यादी, यांना त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले व १९३८ मध्ये मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात त्यांवर टिपण प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेख लिहिला. नऊ एकांच्या संख्येच्या वर्गापर्यंत, १२३४५६७८९८७६५४३२१ येथपर्यंत, अंक क्रमाने चढतात व उतरतात. अंकांची बेरीजही ८१, म्हणजे ९ चा वर्ग, येते. दहा एकांच्या वर्गात मात्र हातचा येऊन ही ओळ मोडते व १२३४५६७९००९८७६५४३२१ असे रूप दिसते. या रूपातील ८ चा लोप हा दोष नव्हे. १ ला ८१ ने भागले असता ०·०१२३४५६७९ हे जे आवर्तन मिळते, त्याचीच ती सुरुवात आहे.

अद्भुत डेम्लो संख्येचे अवयव पाडणे म्हणजे एकांच्या संख्येचे अवयव पाडणे होय. १२३२१ मध्ये ३ व ३७ दोन-दोन वेळा येतात, १२३४५४३२१ मध्ये ४१ व २७१ दोन-दोन वेळा. म्हणून कापरेकरांचा विषय गौस आणि शँक्स यांच्या विषयाला येऊन मिळतो. त्यांनी १९५० मध्ये देवळाली येथून आवर्ती दशांशांच्या चक्रांवरील इंग्रजी पुस्तक स्वतःच प्रकाशित केले, हे पाहता तो संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

कापरेकरांचे इतर शोध अधिक परिचित आहेत. चार अंकी संख्येचे (चारही अंक समान नसावेत) अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास अखेर ६१७४ ही संख्या येते, हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडले. स्वतःचे अंक मिळवून दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून तयार न होणाऱ्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ यांसारख्या ‘स्वयंभू’ संख्यांवरील त्यांचे पुस्तक १९६३ चे. भारतातील विद्यापीठीय वर्तुळात या कामाकडे बरीच वर्षे छंद म्हणून पाहिले गेले. मार्टिन गार्डनर (१९१४–२०१०) यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या मार्च १९७५ च्या अंकात त्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोचले.

या उपेक्षेमागे केवळ तुच्छता नव्हती. एक गंभीर मतही होते. ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी (१८७७–१९४७) यांनी १९४० च्या आपल्या आत्मपर पुस्तकात ८७१२ व ९८०१ या संख्यांचे उदाहरण घेतले आहे. अंकांचा क्रम उलटला असता येणाऱ्या संख्यांच्या त्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत, आणि चार अंकी संख्यांत असे दुसरे उदाहरण नाही. हार्डी यांच्या मते अशी वस्तुस्थिती कोड्यांच्या सदरात शोभते. तिच्यातून पुढे काही निघत नाही, म्हणून ती गणिती महत्त्वाची नाही. हा निकष योग्य आहे, आणि ६१७४ ला तो लावल्यास उत्तर कापरेकरांच्या फारसे बाजूचे येत नाही : तेथील चमत्कार दशमान लेखन व चार अंक यांच्याशी बांधलेला आहे. परंतु त्याच निकषावर रेप्युनिट संख्या पूर्णपणे उतरतात. त्यांच्यातील ‘सर्व अंक १’ हा गुण दहाच्या पायापुरता नाही. कोणत्याही पायाच्या लेखनात अशा संख्या आहेत. द्विमान पद्धतीतील रेप्युनिट अविभाज्य संख्या म्हणजेच सतराव्या शतकापासून अभ्यासिल्या गेलेल्या मेर्सेन अविभाज्य संख्या. हार्डी व राइट यांच्या १९३८ च्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकातही दशांश अपूर्णांकांना एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. डेम्लो संख्या व ६१७४ यांना एकाच पारड्यात टाकणे ही टीकाकारांची चूक. तथापि तिला कापरेकरांच्या लेखनानेही हातभार लावला. उदाहरणांचा साठा प्रचंड, सिद्धतांचा वाटा थोडा, आणि वरवरचे व खोलवरचे दोन्ही एकाच उत्साहाने मांडलेले, असे त्याचे स्वरूप आहे.

संगणकांचे युग सुरू झाल्यावर शोध पुन्हा वेगाने सुरू झाला. १९६६ च्या सुमारास जॉन ब्रिलहार्ट यांना ३१७ एकांची संख्या संभाव्य अविभाज्य असल्याचे आढळले. तिची सिद्धता मिळण्यास आणखी अकरा वर्षे लागली. ती कॅनडातील गणितज्ञ ह्यू विल्यम्स यांनी दिली. दरम्यान १९७५ मध्ये ब्रिलहार्ट, लेमर व सेल्फ्रिज यांनी दाखविले होते की, लगतच्या संख्येचे संपूर्ण अवयव पाडता आले नाहीत, तरी पुरेसा मोठा भाग मोडला गेला असल्यास सिद्धता पुरी करता येते. १,०३१ एकांची संख्या विल्यम्स व अमेरिकन अभियंते हार्व्ही डबनर यांनी १९८६ मध्ये अविभाज्य सिद्ध केली. कापरेकर त्याच वर्षी निवर्तले. दहा हजार एकांपर्यंत याखेरीज दुसरी नाही.

त्यानंतरच्या संख्यांचा शोध आणि त्यांची सिद्धता यांतील अंतर वाढत गेले. ४९,०८१ एकांची संख्या डबनर यांना १९९९ मध्ये सापडली व ८६,४५३ एकांची २००० मध्ये लू बॅक्स्टर यांना. पण पहिलीची सिद्धता २०२२ मध्ये व दुसरीची २०२३ मध्ये पुरी झाली. या सिद्धतांत लगतच्या संख्येचे अवयव लागत नाहीत. विवृत्तीय वक्रांवरील बिंदूंच्या संख्येवरून एका मोठ्या संख्येचा प्रश्न क्रमाक्रमाने लहान संख्यांवर आणला जातो. २००७ मध्ये १,०९,२९७ व २,७०,३४३ एकांच्या, आणि २०२१ मध्ये ५७,९४,७७७ व ८१,७७,२०७ एकांच्या संख्या कसोट्यांना उतरल्या. कोणतीही संख्या अविभाज्य आहे की नाही हे अंकसंख्येच्या मानाने आटोक्यातील पायऱ्यांत निश्चितपणे ठरविता येते, हे कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. तो निष्कर्ष तत्त्वतः फार मोठा असला, तरी इतक्या लांब संख्यांसाठी प्रत्यक्षात ती रीत वापरण्याजोगी नाही. रेप्युनिट अविभाज्य संख्या अनंत आहेत असे अनुमान आहे. ते सिद्ध झालेले नाही.

मेर्सेन संख्यांशी तुलना केली असता हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या ४,१०,२४,३२० अंकी असूनही पूर्णपणे सिद्ध झालेली अविभाज्य संख्या आहे. द्विमान पद्धतीत तीही केवळ एकांचीच ओळ. मात्र तिच्यात १ मिळविताच २ चा घात हाती येतो आणि ल्यूका–लेमर कसोटी लागू पडते. ८१,७७,२०७ एकांची दशमान संख्या तिच्या पाचव्या हिश्श्याइतकीच लांब आहे. परंतु तिच्या खालची पायरी ८१,७७,२०६ एकांची आहे, आणि त्या पायरीचे पुरेसे अवयव पाडले गेलेले नाहीत. म्हणून तिची नोंद ‘संभाव्य अविभाज्य’ अशीच केली जाते.